छोटी तेरेजा आणि कंपासपेटीचा आवाज



१ ऑक्टोबरला परिपाठात आपण दिनविशेष म्हणून ज्येष्ठ नागरिक दिन सांगतो. त्याच दिवशी कॅथलिक लोक एका तरुण संत स्त्रीचा सण पाळतात. ती म्हणजे फ्रान्समधल्या लिझ्यू गावची संत तेरेजा. तिला छोटी तेरेजा म्हणतात, कारण तिच्या आधी स्पेनमध्ये सोळाव्या शतकात आविलाची संत तेरेजा होऊन गेली, ती मोठी. माझ्या तिसरीच्या वर्गात दोन मुलं कॅथलिक घरांतली आहेत. त्यातल्या एकाच्या आजीनं मला या छोटीचं आत्मचरित्र वाचायला दिलं. मी ख्रिस्ती नाही. पण वाचताना मला सारखा माझा वर्गच दिसत होता, म्हणून हा लेख.

आधी तिची थोडक्यात ओळख. जन्म २ जानेवारी १८७३. वडील घड्याळजी, आई लेस विणण्याचा व्यवसाय करणारी. नऊ भावंडांपैकी पाच मुली जगल्या, त्यात ही सर्वांत धाकटी. पंधराव्या वर्षी ती लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली आणि मग मठाच्या भिंतीबाहेर फारशी पडलीच नाही. ३० सप्टेंबर १८९७ ला क्षयानं वारली, तेव्हा वय होतं २४. ना तिनं शाळा काढली, ना दवाखाना, ना कुठं प्रवचनं दिली. मठप्रमुख असलेल्या सख्ख्या बहिणीनं सांगितलं म्हणून आपल्या आठवणी साध्या शाळेच्या वहीत लिहून काढल्या, एवढंच.

मग तिचं नाव जगभर कसं झालं? त्या वहीतल्या बारीकसारीक गोष्टींमुळे.

संध्याकाळच्या प्रार्थनेला तिच्या मागे एक सिस्टर बसायच्या. त्या सारखा कसला तरी विचित्र आवाज करायच्या, दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा. बाकी कुणाला तो जाणवत नसे. तेरेजाला मात्र तो इतका असह्य व्हायचा, की मागे वळून एकदा तरी रागानं बघावं असं वाटायचं. स्वतःला आवरता आवरता तिला घाम फुटायचा, असं ती लिहिते. मग तिनं काय केलं? कान बंद करणं जमेना, तेव्हा तो आवाजच नीट ऐकायचं ठरवलं, जणू छान संगीत चाललंय. आणि ते ऐकणं हीच त्या दिवसाची प्रार्थना म्हणून देवाला वाहिली.

इथं मी पुस्तक मिटलं होतं. माझ्या वर्गात एक मुलगा कंपासपेटी उघडतो आणि बंद करतो. टक्, टक्, टक्. मागच्या वर्षी एका दुपारी मी त्याची पेटी हिसकावून टेबलावर आपटली. वर्ग हसला. तो मुलगा पुढचे चार दिवस पेटी आणायचाच नाही, विचारलं तर म्हणायचा, "हरवली बाई." हरवली नव्हती हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही. डी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालो होतो, पण त्या टक् टक् समोर तो काही आठवला नाही!

पुस्तक वाचल्यावर मी तो आवाज खरंच ऐकायला लागले. आठवडाभरात लक्षात आलं, की भाषेच्या तासाला पेटी गप्प असते. हातच्याची वजाबाकी आली की सुरू होते. आवाज अजूनही येतो, खोटं कशाला सांगू. पण आता तो आला की मी त्याच्या बाकाजवळ जाऊन उभी राहते.

दुसरी गोष्ट ज्येष्ठ नागरिक दिनाला अगदी चपखल बसणारी आहे. मठात एक म्हाताऱ्या, आजारी सिस्टर होत्या. रोज संध्याकाळी प्रार्थना अर्धवट सोडून कुणीतरी त्यांना जेवणघरात न्यायचं असे. त्यांचं समाधान करणं महाकठीण. भरभर चाललं तर "मला पाडशील", हळू चाललं तर "हात सोडलास वाटतं", आणि शेवटी "तू फार लहान आहेस, तुला जमणार नाही" हे ठरलेलंच. आपल्या घरातल्या एखाद्या आजी आठवल्या ना? तेरेजानं हे काम स्वतःहून मागून घेतलं. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की आजींचे हात दुखरे असल्यामुळे त्यांना पाव कापता येत नाही. ते कुणी तिला सांगितलं नव्हतं. मग रोज पाव कापून दिल्याशिवाय आणि निघताना हसल्याशिवाय ती तिथून हलत नसे. आजींचं मन तिनं जिंकलं ते या न सांगितलेल्या कामानं.

यालाच पुढे तिचा 'छोटा मार्ग' असं नाव पडलं. तिच्या काळात श्रीमंतांच्या घरांत लिफ्ट नुकत्याच आल्या होत्या. ती म्हणते त्याचा आशय असा, की संतपणाचा उंच जिना चढायला मी फार लहान आहे, मला लिफ्ट हवी. आणि येशूचे हात हीच माझी लिफ्ट. लहान मूल जिन्याखाली उभं राहून हात वर करतं, तसंच.

मला ती आवडली, कारण ती आव आणत नाही. एका सिस्टरचा स्वभाव तिला मुळीच आवडत नसे. तिच्याशी ती इतकं हसून वागायची, की त्या सिस्टरनं एकदा विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं? पण कधी कधी राग अनावर झाला की मी लढाईतून पळणाऱ्या शिपायासारखी तिथून चक्क पळ काढायचे, हेही तिनं लिहून ठेवलंय. प्रार्थनेत तिला झोप लागायची. त्यावर तिचं म्हणणं, झोपलेलं मूलही आईबापांना जागं असताना इतकंच प्रिय असतं. शेवटच्या दीड वर्षात तर स्वर्ग आहे की नाही याच शंकेनं तिला घेरलं होतं. त्याही काळात तिचं रोजचं वागणं बदललं नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. या गोष्टी सांगून मुलांना "बघ, ती कशी सहन करायची, तूही कर" असं कृपा करून म्हणू नका. हा मार्ग तिनं स्वतःसाठी निवडला होता. वर्गात ज्याला कुणी चिडवतंय त्यानं सहन करायचं नसतं, बाईंना सांगायचं असतं. तेरेजालाही शाळेत एका मोठ्या मुलीनं छळलं होतं. ती पाच वर्षं तिनं आयुष्यातली सर्वांत दुःखाची म्हणून नोंदवली आहेत.

आणि रडणाऱ्या मुलांबद्दल. तेरेजा साडेचार वर्षांची असताना तिची आई कर्करोगानं गेली. खेळकर पोर एकदम हळवी झाली. जरा काही झालं की रडायची, मग रडले म्हणून पुन्हा रडायची. १८८६ च्या नाताळात, मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर, दमलेले वडील तिच्या भेटवस्तूंबद्दल म्हणाले, बरं झालं, हे शेवटचंच वर्ष. तिनं ते जिन्यात ऐकलं, डोळे भरले. पण आसवं गिळून खाली आली आणि हसत भेटी उघडल्या. त्या रात्रीपासून ती बदलली. याला ती देवाची कृपा म्हणते. मी मात्र तारखा मोजल्या. आई गेली १८७७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेली होती! आणि आपण पालकसभेत सांगतो, "दोन महिने झाले, अजून रडते."

बाकी माहिती पटकन. १९२५ साली तिला संत घोषित केलं गेलं. १९२७ साली, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीनं तिला मिशनकार्याची आश्रयदाती संत ठरवलं, तेही कधी मिशनवर न गेलेल्या मुलीला. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी आपलं नाव तिच्यावरूनच घेतलं.

परिपाठात मी पाव कापण्याची गोष्ट सांगितली, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, मग ती आजारी पडली तेव्हा तिला कोणी भरवलं?" मला तयारी नव्हती. घरी जाऊन पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिच्या सख्ख्या बहिणी त्याच मठात होत्या, त्यातली सेलीन तिची शुश्रूषा करायची. "मग ठीक आहे," म्हणाली आणि वही काढून बसली.