मृगापूर्वी इंजिनाच्या सुट्या भागांची तजवीज

वसमत, कळमनुरी आणि औंढा नागनाथ या तालुक्यांतील हळद शिजून, वाळून, पॉलिशच्या ढोलातून निघून बाजाराला लागली, की ज्या डिझेल इंजिनाने पाणी उपसण्यापासून ढोल फिरविण्यापर्यंत चाकरी बजावली, त्यालाही थोडी उसंत मिळते. आणि जूनच्या ७-८ तारखेस मृग निघण्यापूर्वीचे हे मोजके दिवसच त्याच्या सुट्या भागांची तपासणी करण्यास योग्य होत. वीज बांधापर्यंत आली असली तरी ऐनवेळी ती दगा देते, म्हणून इंजिन सहसा कोणी मोडीत काढीत नाही. आणि तालुक्याच्या बाजारात हवा तो भाग हव्या त्या दिवशी मिळेलच याची शाश्वती नसल्याने बेरिंग, रिंगांचा संच, लायनर, नोझल, ऑइल सील असे जिन्नस घरी बाळगण्याची आपली रीत शहाणपणाचीच आहे. हयगय होते ती कोठीच्या खोलीत.

त्या खोलीत युरियाची आणि पोटॅशची पोती रचलेली असतात. खत हवेतील ओलावा ओढून घेते आणि त्यातले क्षार लोखंडाला खातात. वर पत्र्याचे छप्पर असल्यास रात्री पत्रा थंड पडून त्याच्या पोटाला पाण्याचे थेंब धरतात व नेमके फळीवर टपकतात. नवे बेरिंग कौतुकाने पुडक्यातून काढून घरातल्या चौघांनी हाताळावे आणि वर्तमानपत्रात बांधून ठेवावे, तर आश्विनात कागद सोडताना त्याच्या चकचकीत कड्यावर अंगठ्याचा ठसा तांबूस गंजाने उमटलेला दिसतो, इतका स्पष्ट की तलाठ्याच्या दप्तरी लागावा. घामातले मीठ आणि कागदाने शोषलेली ओल, दोघांची ती सही असते.

म्हणून कारखान्याचे पुडके भाग बसविण्याच्या दिवसापर्यंत फोडूच नये. लायनर, रिंगा असे भाग उघडे पडलेच असतील, तर कोरड्या दिवशी स्वच्छ डिझेलने धुऊन, पुसून, त्यांवर नवे ऑइल चोळावे, मेणकागदात गुंडाळावे आणि मगच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल लावण्याची काटकसर करू नये. त्यात जळणातून आलेले आम्ल असते. रबराचा न्याय मात्र उलटा आहे: पट्ट्यास आणि सीलला तेलाचा हात लागू देऊ नये, ऊनही लागू देऊ नये. सील खिळ्याला टांगण्याची सवय तर सर्वांत वाईट, कारण त्याची पातळ कड एकदा वाकली की ऑइल गळणारच. लायनर उभा ठेवावा, आडवा पडून त्यावर ओझे आले तर त्याची गोलाई बिघडते. रिंगा व गॅस्केट सपाट ठेवावीत. नोझलची टोपी काढू नये.

पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाल्यापासून इंजिनांचे इतके नमुने शेतावर आले, की एकाचा लायनर दुसऱ्यास बसेलच असे नाही. तेव्हा प्रत्येक पुडक्यावर इंजिनाचे मॉडेल, भागाचा क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहून पावती आतच बांधावी. खोली एकच असेल, तर खत तिथेच राहू द्यावे आणि सुट्या भागांची पेटी माजघरात आणावी. घरात थोडी कुरकुर होईल, ती सोसावी.