उपाशी इंजिनाची गोष्ट

बीडहून सोलापूरकडे निघाले, की मांजरसुंब्याचा घाट लागतो. सपाटीवरून आलेला रस्ता येथे बालाघाटच्या डोंगरावर चढतो. आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ घाटावरच्या गावातून रोज सकाळी मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन बीडला येई आणि परत जाताना पेंडीचे पोते लादून घाट चढे. गाडी जुनी, एकाच सिलिंडरची. तिचा आवाज रुबाबदार व्हावा म्हणून त्याने सायलेन्सर काढून पोकळ नळीचा बसवला आणि हवेच्या गाळणीची पेटीही काढून टाकली.

सपाटीवर गाडी ठीक पळे. घाटात मात्र ती अडखळू लागली. खोकल्यासारखी ठसके, जोर सोडी आणि भलतीच तापे. “सर, पेट्रोलमध्ये भेसळ असेल का?” असे त्या विद्यार्थ्याने मला विचारले. गाडी बंद पडली तर घरचा दुधाचा धंदाच बंद पडणार होता. आम्ही गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्पार्क प्लग काढला, उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, “भेसळ नाही काही. गाडी उपाशी पळायलीय.”

प्लगच्या टोकाचे चिनीमातीचे पांढरे आवरण खडूसारखे कोरडे दिसत होते. त्यावरून मिस्त्रींनी इंजिनाची भूक कशी ओळखली? ते समजण्यासाठी इंजिन काय खाते ते आधी पाहू.

इंजिनाचा आहार

पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. हिशेबासाठी त्यातील ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. त्याचा रेणुभार ११४. तो पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड व पाणी होण्यासाठी ऑक्सिजनचे २५ अणू लागतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन हवा. हवेच्या वजनात ऑक्सिजन शेकडा सुमारे २३ भाग असतो. तेव्हा हवा लागेल सुमारे १,७४० ग्रॅम, म्हणजे ऑक्टेनच्या १५ पटींहून थोडी अधिक. साध्या पेट्रोलसाठी हे प्रमाण १४.७ ला १ असे धरतात.

आता जुन्या बुलेट ३५० या आपल्या परिचयाच्या गाडीचे उदाहरण घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. यावरून आकारमान काढा. ते ३४६ घन सेंटिमीटर येईल. एवढ्या हवेचे वजन आपल्याकडच्या उन्हाळी हवेत ०.३८ ग्रॅमच्या आसपास भरते. तिला पेट्रोल हवे सुमारे ०.०२६ ग्रॅम! पाण्याच्या एका थेंबाच्या जागेत ते सहज मावेल. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० वेळा असा घास मोजून द्यावा लागतो. प्रत्यक्षात सिलिंडर पुरता भरत नाही, त्यामुळे घास याहूनही लहान असतो. तो मोजून देणारा वाढपी म्हणजे कार्ब्युरेटर.

करून पाहा

एका पेल्यात पाणी घ्या. एक नळी पाण्यात उभी धरा. तिचे वरचे टोक पाण्याच्या थोडेसेच वर ठेवा. दुसरी नळी आडवी धरून त्या टोकावरून जोराने फुंका. पाणी उभ्या नळीतून वर चढते आणि तुषार उडतात. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि पेल्यातील पाण्यावरचा वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. वेग आणि दाब यांचा हा संबंध बर्नुली यांनी १७३८ साली मांडला. नळी मध्येच अरुंद केली तर तेथे प्रवाहाचा वेग वाढून दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरी यांनी १७९७ साली प्रसिद्ध केले.

कार्ब्युरेटरमध्ये हेच घडते. दट्ट्या खाली गेला की हवा अरुंद गळ्यातून आत धावते. खालच्या वाटीत पेट्रोल असते आणि तरंगणारा फ्लोट त्याची पातळी कायम राखतो. पेट्रोल लहान छिद्रांतून गळ्यात येऊन हवेत मिसळते. या छिद्रांना जेट म्हणतात. इंजिन नुसते सुरू असताना पायलट जेटचे राज्य असते. ॲक्सिलरेटर पाव ते पाऊण उघडा असताना निमुळती सुई पेट्रोल मोजते, आणि त्यापुढे मेन जेट.

तोल कसा गेला?

गाळणी हवेला थोडा अडथळा करते. त्यामुळे गळ्यातील दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल ओढायला मदत होते. कारखान्यात जेटचे माप ठरवताना हा अडथळा हिशेबात धरलेला असतो. गाळणी काढली की तेवढी ओढ कमी होते. शिवाय पोकळ सायलेन्सरमुळे जळका वायू लवकर बाहेर पडून हवा जास्त येऊ शकते. हवा वाढली, पण पेट्रोल त्या प्रमाणात वाढले नाही. मिश्रण विरळ झाले.

घाटात इंजिनावर भार असतो. तेव्हा त्याला उलट अधिक दाट, म्हणजे सुमारे १२.५ किंवा १३ ला १ असे मिश्रण हवे असते. जादा पेट्रोल वाफ होताना उष्णताही शोषून घेते. विरळ मिश्रण सावकाश जळते. बाहेरची झडप उघडली तरी ज्वलन चालूच राहते आणि झडप भाजते. कधी आतली झडप उघडेपर्यंत ज्योत टिकते आणि कार्ब्युरेटरच्या दिशेने उलटते. गाडीचा खोकला तो हाच. असेच चालू राहिले, तर झडप जळते किंवा दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये अडकतो.

मिस्त्रींची प्रयोगशाळा

मिस्त्रींनी लगेच पेचकस हाती घेतला नाही. आधी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या जोडावरून बाहेरची हवा शिरत नाही ना, ते तपासले. मग ॲक्सिलरेटरच्या मुठीवर पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या आणि घाटात स्वतः गाडी चालवली. पाऊणपर्यंत तक्रार नव्हती. मूठ त्यापुढे पिळली की गाडी ठसके, आणि किंचित मागे घेतली की सुधारे. म्हणजे दोष मेन जेटच्या हद्दीत होता आणि पेट्रोल कमी पडत होते.

जेटवर आकडा कोरलेला असतो. सामान्यतः आकडा मोठा तर छिद्र मोठे. मिस्त्रींनी दोन पायऱ्या मोठा जेट घातला. खोकला थांबला, पण गाडी जड झाली आणि प्लगवर काजळी धरली. आता पेट्रोल जास्त झाले होते. मग एक पायरी खालचा जेट घातला. घाटाच्या माथ्यावर गाडी बाजूला घेऊन प्लग काढला, तो फिकट तपकिरी निघाला. घास बरोबर बसला होता.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की मिस्त्रींनी एका वेळी एकच बदल केला. सुई, हवेचा स्क्रू, प्लग यांना हात लावला नाही. सगळेच एकदम बदलले असते, तर कशाने गुण आला ते कळलेच नसते. तुम्ही शाळेत लंबकाची लांबी बदलताना गोळा तोच ठेवता, तसेच हे.

भाऊ खूष झाला. पण मिस्त्रींनी कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट फिरवून दाखवले. बोटाला काळ्या मातीची धूळ लागली होती. “ही माती आत जाऊन सिलिंडरला कानस लावायलीय. जेट बदलून धूळ थांबत नसते, दादा.” शिवाय गाडीच्या मूळ रचनेत असा परस्पर बदल करणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नियमबाह्यच आहे. भावाने थोडा विचार केला आणि जुनी पेटी व सायलेन्सर घरून आणून दिला. मिस्त्रींनी ते बसवले आणि मूळ जेटही परत घातला. दुसऱ्या दिवशी पेंडीचे पोते घेऊन गाडी मुकाट्याने घाट चढली.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तेथे धुरातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक असतो आणि संगणक दर क्षणी पेट्रोलचे माप सुधारतो. मिस्त्रींचा डोळा जे प्लगवर वाचत होता, तेच तो धुरात वाचतो. जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांना तो डोळा लागतोच.

पेट्रोल ज्वालाग्राही आहे. कार्ब्युरेटर उघडण्याचे काम स्वतः करू नका. जाणत्या मिस्त्रींजवळ उभे राहून पाहा आणि प्रश्न विचारा.

विचार करा

१. मूळ गाळणी व सायलेन्सर बसवून मोठा जेट तसाच ठेवला असता, तर प्लगचा रंग कसा झाला असता?

२. इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. १ ग्रॅम इथेनॉल जळायला किती हवा लागेल?

३. आपल्या देशात २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण शेकडा २० च्या आसपास पोचले. असे पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत जेट न बदलता घातले, तर मिश्रण दाट होईल की विरळ? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरवा.