बारावी जीवशास्त्रानंतर: मुलांचा थेरपिस्ट होण्याची वाट

नीटचा निकाल लागतो, एमबीबीएसला नंबर लागत नाही हे कळतं आणि घरात एकच चर्चा सुरू होते: आणखी एक वर्ष द्यायचं की बीएस्सीला जायचं? भंडाऱ्याजवळचं कारधा असो की नागपूर, यात फरक नाही. या चर्चेत ऑक्युपेशनल थेरपी आणि ऑप्टोमेट्री या दोन पदव्यांची नावं क्वचितच निघतात. लहान मुलांसोबत काम करण्याची ओढ असलेल्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या आईवडिलांनी या दोन्ही वाटा नीट समजून घ्याव्यात, म्हणून हा लेख.

काम नेमकं कोणतं?

प्रत्येक शाळेत अशी दोन-चार मुलं असतात. वरातीतल्या डीजेचा आवाज आला की कान दाबून रडणारी, गणवेशाची शिलाई टोचते म्हणून अंगातला शर्ट काढून टाकणारी, हाताला वरणभात लागला की ताटावरून उठणारी, सारखी धडपडणारी. गुरुजी त्यांना खोडकर म्हणतात, घरचे हट्टी म्हणतात. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी अनेकांच्या मेंदूला स्पर्श, आवाज, तोल आणि हालचाल यांच्या संवेदनांचा मेळ घालणं जड जात असतं. स्वमग्नता, अतिचंचलता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा मुलाची तपासणी करून रोजच्या जगण्यातलं नेमकं काय अडतं ते शोधतो: बटण लावणं, पेन्सिल धरणं, रांगेत उभं राहणं, जेवणं. मग झोपाळा, मोठा चेंडू, चढण्या-उतरण्याचे खेळ, वेगवेगळ्या पोताच्या वस्तू यांतून उपचार आखतो. घरी काय करायचं आणि वर्गात मुलाला कुठे बसवायचं, हेही तोच सांगतो. संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धान्त अमेरिकन थेरपिस्ट जीन आयर्स यांनी मांडला. त्यावरचं त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं आहे.

डोळ्यांची बाजू ऑप्टोमेट्रिस्टकडे येते. चष्मा लावूनही वाचताना ओळ सुटते, अक्षरं दुहेरी दिसतात, डोकं दुखतं, अशा वेळी दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र स्थिर होतात का, हे तो पाहतो आणि गरज असल्यास व्हिजन थेरपीचे व्यायाम देतो. आळशी डोळा आणि तिरळेपणा यांच्या उपचारात तो नेत्रतज्ज्ञासोबत काम करतो. कधी डोळा निरोगी असतो, पण मेंदूला दिसलेल्याचा अर्थ लागत नाही. अशा मुलासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि ऑप्टोमेट्रिस्ट एकत्र बसतात.

थेरपी काय करू शकत नाही

या क्षेत्रात येणाऱ्याने मर्यादा पहिल्या दिवसापासून जाणायला हव्यात. डोळे जवळ एकत्र न येण्याच्या दोषावर बारा आठवड्यांच्या देखरेखीखालच्या व्यायामांनी त्रास कमी होतो, हे अमेरिकेतल्या २००८ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण २०१९ च्या पुढच्या चाचणीत त्याच व्यायामांनी मुलांचं वाचन नकली उपचारापेक्षा जास्त सुधारलं नाही. म्हणजे व्हिजन थेरपी हा डिस्लेक्सियावरचा उपचार नव्हे. संवेदी उपचारांचा पुरावाही मर्यादित आहे, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट केलं. चांगला थेरपिस्ट ‘मूल पूर्ण बरं करतो’ असं कधीच म्हणत नाही. तो छोटी, मोजता येतील अशी उद्दिष्टं ठरवतो आणि प्रगती दिसली नाही तर उपचार बदलतो.

शिक्षण कुठे, कसं?

ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती उभी केली कमला निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, लग्नानंतर निंबकरांच्या घरात आल्या. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. कारध्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे हे शिक्षण नागपुरातही मिळतं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये. वैनगंगेचा पूल ओलांडून महामार्गाने सरळ गेलं की नागपूर. मुंबईत केईएमखेरीज सायन, नायर आणि हाजीअलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था हे पर्याय आहेत.

राज्यात ऑक्युपेशनल थेरपीची बीओटीएच ही पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, नीट द्यावी लागते आणि प्रवेश सीईटी सेलच्या कॅप फेरीतून होतो. आजवरचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यापुढे सहा महिन्यांची इंटर्नशिप असा होता. सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर नवा आराखडा येत आहे, म्हणून आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा. पदवीनंतर राज्य परिषदेत नोंदणी करावी लागते. ऑप्टोमेट्रीची पदवी आजवर चार वर्षांची होती, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. ‘सहा महिन्यांत थेरपिस्ट व्हा’ अशा जाहिरातींच्या मागे लागू नका. अशा अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर ही पदवी आणि ही नोंदणी मिळत नाही.

नोकरीचं काय?

पालकांचा खरा प्रश्न हाच. शासकीय आणि खासगी रुग्णालयं, विशेष शाळा, बालविकास केंद्रं, स्वतःचं क्लिनिक, अध्यापन, ही कामाची ठिकाणं आहेत. परदेशात जायचं तर तिथली परीक्षा आणि नोंदणी वेगळी असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते. विकासात अडचण आढळलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. त्याच्या मंजूर चमूत थेरपिस्ट आणि ऑप्टोमेट्रिस्ट दोघांचीही पदं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा दिव्यांगत्वात समावेश केला, त्यामुळे शाळांवरची जबाबदारीही वाढली आहे.

सुरुवातीचा पगार डॉक्टरइतका नसतो आणि शासकीय पदं थोडी व अनेकदा कंत्राटी असतात, हे आधीच माहीत असावं. एका मुलावर महिनोन्‌महिने मेहनत घेतल्यावर ते स्वतःच्या हाताने घास घेतं. एवढ्या यशावर ज्याला समाधान मिळतं, त्याने या क्षेत्रात यावं. घाई असलेल्याने येऊ नये.

अर्ज भरण्याआधी

पालकहो, मुलाला घेऊन एक दिवस ‘मेडिकल’च्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभागात जा. परवानगी घेऊन काम पाहा, तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला. कॉलेजला मान्यता आहे का, प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती काम मिळतं, मागच्या तुकडीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे तीन प्रश्न विचारा. फी परवडत नसेल तर महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या पाहा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, ही पदवी घ्याल तेव्हा परत येण्याचाही विचार करा. आठवड्यातून दोन वेळा मुलाला थेरपीसाठी नागपूरला न्यायचं तर मजुरी बुडते, आणि बरेच आईवडील उपचार अर्धवट सोडतात. भंडाऱ्यात बसणारा एक प्रामाणिक थेरपिस्ट अशा कित्येक घरांचा हा खर्च आणि वेळ वाचवू शकतो. एमबीबीएस हुकलं म्हणून निवडायची ही वाट नाही. मुलांसाठी काम करायचं ठरवलं असेल, तर ती पहिल्या पसंतीने निवडा.