सजातीय कर्मांचा क्रम : मीमांसेतील एक पाठ

दिवस सर्वांना सारखाच मिळतो. तरीही एकाची कामे सायंकाळपर्यंत आटोपतात आणि दुसऱ्याची अर्धवट राहतात. याचे कारण पुष्कळदा कामांच्या संख्येत नसून त्यांच्या क्रमात असते. एक पत्र लिहावयास घ्यावे, ते अर्ध्यावर ठेवून बाजारात जावे, परत येऊन हिशेबाची वही उघडावी, इतक्यात मोबाईलवर संदेश आला म्हणून तिकडे वळावे, अशा रीतीने वागणाऱ्याचा बराचसा वेळ एका कामातून उठून दुसऱ्यात बसण्यातच जातो. सारख्या जातीची कामे एकत्र उरकावीत, हा उपदेश म्हणूनच सर्वत्र ऐकू येतो. परंतु ती कोणत्या रीतीने एकत्र करावीत आणि कोठे थांबावे, याचा सूक्ष्म विचार पूर्वमीमांसेने फार पूर्वी करून ठेवलेला आहे.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांचे बारा अध्याय आहेत. त्यांपैकी पाचव्याचा विषय 'क्रम' हा होय. अनेक ठिकाणी तेच ते संस्कार करावयाचे असतील तर त्यांचा क्रम कसा असावा, असा प्रश्न तेथे उपस्थित केला आहे. उदाहरण वाजपेय यागाचे आहे. त्यात प्रजापतीसाठी सतरा पशू असतात आणि प्रत्येकावर उपाकरण म्हणजे मंत्रपूर्वक स्पर्श, नियोजन म्हणजे यूपाला बांधणे इत्यादी संस्कार क्रमाने व्हावयाचे असतात. पशुयागाची चर्चा येथे प्रस्तुत नाही; प्रस्तुत आहे ती विचाराची पद्धती.

मार्ग दोन संभवतात. पहिल्या पशूचे सर्व संस्कार पूर्ण करून मग दुसऱ्याकडे वळावे, हा एक. याला 'काण्डानुसमय' म्हणतात. किंवा सतराही पशूंचे उपाकरण आधी करून मग सतरांचे नियोजन करावे, हा दुसरा. याला 'पदार्थानुसमय' म्हणतात. येथे 'पदार्थ' म्हणजे करावयाची एक संपूर्ण क्रिया. मीमांसकांनी या प्रसंगी दुसरा मार्ग स्वीकारला आहे.

तो स्वीकारण्याचे कारण मननीय आहे. सतरांचे अनुष्ठान एकत्र व्हावे, अशी शास्त्राची आज्ञा आहे. पहिल्याचे सर्व आटोपले आणि सतराव्याला अद्याप आरंभही नाही, असे झाले तर ते एकत्र अनुष्ठान कसले? उलट पदार्थानुसमयात प्रत्येकाच्या पहिल्या आणि दुसऱ्या संस्कारांमध्ये इतर सोळांचा वेळ जातो. हे सोळा क्षणांचे अंतर शास्त्रानेच अनुज्ञात केले आहे, असे मीमांसक म्हणतात. म्हणजे, कामे एकत्र केली की कोणाला तरी थांबावे लागते, ही गोष्ट त्यांनी दृष्टीआड केली नाही; ते थांबणे त्यांनी मोजले.

येथेच आणखी एक नियम येतो. उपाकरणाचा आरंभ कोणत्याही पशूपासून करता येतो. पण नियोजन मात्र त्याच क्रमाने झाले पाहिजे. याला 'प्रवृत्तिक्रम' अशी संज्ञा आहे. समजा, दुसऱ्या वेळी क्रम उलटा घेतला. तर शेवटच्याला मुळीच थांबावे लागणार नाही, आणि पहिल्याला मात्र बत्तीस क्रिया होईपर्यंत तिष्ठावे लागेल. क्रम सारखा ठेवला की प्रतीक्षाही सर्वांना सारखी पडते. अशा रीतीने वेळेची व्यवस्था ही न्यायाचीही व्यवस्था ठरते.

हा न्याय महाराष्ट्रातील पंगतीत आजही पाहावयास मिळतो. वाढपी एकाचे ताट पूर्ण भरून मग पुढच्याकडे जात नाही. मीठ वाढणारा पंगतीच्या टोकापर्यंत जातो, त्यामागून चटणी, कोशिंबीर, भाजी येते. आणि ज्या टोकापासून मीठ निघाले त्याच टोकापासून भाजीही निघते. भोजन सर्वांनी एकदम सुरू करावयाचे असते, म्हणून वाढणेही पदार्थापदार्थाने होते.

परंतु या रीतीला दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा 'मुष्टी'च्या विचारात सांगितली आहे. पुरोडाशासाठी एका देवतेच्या नावाने चार मुठी धान्य काढावयाचे असते. तेव्हा प्रत्येक देवतेची एकेक मूठ आधी काढून मग दुसऱ्या मुठीचा फेरा करावा काय? नाही, असे उत्तर आहे. चार मुठी मिळून एकच पदार्थ होतो. त्याचे तुकडे पाडता येत नाहीत. तात्पर्य, गट करण्यापूर्वी कामाचे सर्वांत लहान अखंड रूप ओळखले पाहिजे. दहा पत्रे एकाच बैठकीत लिहिणे योग्य. दहाही पत्रांची पहिली ओळ आधी लिहून ठेवणे हा गट नव्हे, गोंधळ होय.

दुसरी मर्यादा पदार्थांच्या स्वभावातून येते. दानात घोडे स्वीकारणाऱ्याने, जितके घोडे तितके, वरुणासाठी चार कपालांवरचे पुरोडाश करावेत, असे एका इष्टीत विधान आहे. घोड्यांची संख्या फार मोठी असेल, तर एकेका संस्काराचा फेरा पूर्ण होईतो आधीचे पुरोडाश बिघडून जातील. तेथे मीमांसक पदार्थानुसमयाचा आग्रह सोडतात आणि काण्डानुसमय मान्य करतात. पंगतीतही हीच दृष्टी दिसते. भाताच्या मागोमाग वरण आणि वरणामागे तूप लगेच येते. कारण भात निवता कामा नये.

या दोन मर्यादा ध्यानात ठेवून आजच्या व्यवहाराकडे पाहावे. एखाद्या शिक्षकापुढे चाळीस उत्तरपत्रिका आहेत. सर्वांतील पहिला प्रश्न आधी तपासला, मग दुसरा, तर वेळ वाचतो आणि सर्वांना एकच मापही लागते. हा पदार्थानुसमय उत्तम. पण त्याच शिक्षकाकडे एका विद्यार्थ्याचा शुल्कमाफीचा अर्ज आला आहे आणि त्याची मुदत उद्या संपते. 'असे आणखी चार-पाच अर्ज जमू देत, मग सर्व एकदम पाहू' असे त्याने म्हटले, तर गट नीट बांधला जाईल, पण विद्यार्थ्याचे वर्ष जाईल. त्या अर्जाचा प्रवास आरंभापासून अंतापर्यंत एकाच वेळी झाला पाहिजे. तेथे काण्डानुसमयच धर्म्य होय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांमध्ये दीर्घसूत्रता गणली आहे. आजचे काम उद्यावर आणि उद्याचे परवावर लोटणे, ही ती वृत्ती होय. कामे एकत्र करण्याच्या सोयीखाली ही वृत्ती सहज लपते. काम साठविणे आणि काम एकत्र करणे यांत भेद आहे. एकत्र करणाऱ्याला फेरा कधी पूर्ण होईल हे ठाऊक असते. साठविणाऱ्याला ते ठाऊक नसते.

म्हणून जिज्ञासूने सकाळी कामांची मांडणी करताना तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. ही कामे खरोखर एकाच जातीची आहेत काय? एकेक काम अखंड राहते काय? आणि या गटामुळे जो थांबणार आहे, त्याची प्रतीक्षा मोजलेली, समान आणि निरुपद्रवी आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर कामे निःशंकपणे एकत्र करावीत. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर आपली सोय बाजूस ठेवून ते एक काम आधी शेवटास न्यावे. सोळा क्षणांची अनुज्ञा आहे. त्याहून अधिक दुसऱ्याचा वेळ घेण्याची नाही.