बुल, बुलेट आणि म्युझिक: कोणता इडियम कुठं वापरायचा?

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून थोडं सविस्तर इथं लिहितो.

"टेक द बुल बाय द हॉर्न्स" म्हणजे अडचणीला स्वतःहून जाऊन भिडणं. समजा, आपल्या खापरखेड्यात पॉवर स्टेशनची कामं घेणाऱ्या एखाद्या ठेकेदाराकडे तुमची तीन महिन्यांची उधारी अडकली आहे. तो फोन उचलत नाही. तुम्ही वही घेऊन सरळ त्याच्या दारात जाता. झालं, धरली शिंगं! (पोळ्याच्या दिवशी खऱ्या बैलाची नका धरू.)

"बाइट द बुलेट" वेगळं. इथं त्रास टळणारच नसतो, म्हणून मन घट्ट करून तो सोसायचा. पडून राहिलेला माल तोट्यात काढून टाकणं, हे त्याचं उदाहरण. रुडयार्ड किपलिंगच्या १८९१ च्या 'द लाइट दॅट फेल्ड' कादंबरीत हा वाक्प्रचार आला आहे, आणि हा लेखक जन्मला १८६५ मध्ये आपल्या मुंबईत.

खरी गडबड होते "फेस द म्युझिक"मध्ये. ऐकायला भारी वाटतं, पण अर्थ आहे आपल्याच करणीचे परिणाम भोगणं, बोलणी खाणं. होलसेलरनं माल कमी पाठवला, बिल मात्र पूर्ण लावलं. अशा वेळी मेलमध्ये "आय ॲम रेडी टू फेस द म्युझिक" लिहिलं, तर तो समजेल की चूक तुमचीच आणि तुम्ही ती कबूलही केली! तिथं साधं लिहा: "आय वॉन्ट टू सॉर्ट धिस आउट टुडे." इडियम नसला तरी चालते. सोबत बिलाचा आणि मोजलेल्या मालाचा फोटो मात्र जोडा.