वजन उतरविणारी सुई आणि एंडोमेट्रिओसिसचा विकार

पाळीच्या दिवसांत ओटीपोटात असह्य कळा येणे हा बाईच्या जन्माचा भोगच होय, अशी समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आई मुलीला तेच सांगते, सासू सुनेला तेच सांगते. या समजुतीमुळे एक विकार वर्षानुवर्षे अंगात दडून राहतो. त्याचे नाव एंडोमेट्रिओसिस. अलीकडे या विकाराच्या जोडीला एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. वजन उतरविणारी, आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची सुई भारतात विकत मिळू लागली आहे. आणि 'वजन उतरले की पाळीचे दुखणेही जाईल' असा समज तिच्याबरोबर पसरत आहे. हा समज कितपत खरा आहे आणि ज्या भगिनीला हा विकार आहे तिने या सुईविषयी काय जाणून घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विकाराचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील बाजूस एक अस्तर असते. दर महिन्यास ते वाढते आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रूपाने बाहेर पडते. या अस्तरासारखीच ऊती जेव्हा गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, गर्भनलिकांवर, आतड्यांवर किंवा मूत्राशयावर रुजते, तेव्हा त्या स्थितीला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. तेथेही दर महिन्यास सूज व रक्तस्राव होतो. परंतु त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. त्यामुळे आतल्या आत दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांस चिकटतात. पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातून हा विकार होतो, अशी उपपत्ती अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडली. मात्र तिने सर्व प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे दहा टक्के, म्हणजे जगातील जवळजवळ १९ कोटी, स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. पाळीच्या वेळी तीव्र वेदना, संबंधाच्या वेळी वेदना, शौचास किंवा लघवीस जाताना दुखणे, पोट फुगणे, सततचा थकवा आणि मूल न राहणे ही त्याची लक्षणे होत. मुंबईत परळ येथे असलेल्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधील या विकाराचा अनेक केंद्रांतून अभ्यास हाती घेतला आहे. आपल्या देशात या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले जाऊ लागल्याची ही खूण आहे.

कुक्षीसारख्या गावाची अडचण

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, निमाडच्या पट्ट्यात, कुक्षी हा तालुका आहे. बाघची प्रसिद्ध लेणी याच परिसरात आहेत. येथील वस्ती प्रामुख्याने भिल व भिलाला समाजाची. तर धार व देवास येथे पवारांच्या संस्थानांच्या काळापासून मराठी कुटुंबेही नांदत आली आहेत. या भागातील स्त्रीला असा विकार जडला तर त्याचे निदान सहज होत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत तो कळत नाही. सोनोग्राफीत बीजकोशातील गाठ दिसू शकते; पण लहान व्रण दिसतीलच असे नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, तज्ज्ञांकडून होणारी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांसाठी बहुधा धार किंवा इंदूर गाठावे लागते. त्यात मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागते.

सुईची कीर्ती मात्र मोबाइलच्या पडद्यावरून क्षणात गावात पोहोचते. तज्ज्ञ दूर आणि सुई जवळ, अशा परिस्थितीत चुकीचा निर्णय होण्याचा संभव अधिक असतो.

सुई काय करते?

जेवणानंतर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास लावते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मेंदूस पोट भरल्याचा संदेश देते. सेमॅग्लुटाइड हे औषध या संप्रेरकाची नक्कल करते. टिर्झेपाटाइड हे अशा दोन संप्रेरकांची. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमॅग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के उतरले. २०२२ सालच्या चाचणीत टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के उतरले. तेव्हा ही औषधे गुणकारी आहेत, यात शंका नाही.

परंतु ती कोणासाठी आहेत? उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक ३० किंवा अधिक असलेल्यांसाठी. अथवा तो २७ किंवा अधिक असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असलेल्यांसाठी. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचा निर्देशांक ३० व्हावयास तिचे वजन साडेसदुसष्ट किलो असावे लागते. तीच स्त्री ४५ किलोची असेल तर निर्देशांक २० येतो आणि तिला या सुईचे काहीही कारण उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या आढळल्या; पण सुमारे १९ टक्के कमी वजनाच्या आणि ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित होत्या. पाळीत फार रक्त जाणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीची भूक औषधाने मारणे म्हणजे एका दुखण्यात दुसऱ्याची भर घालणे होय.

वजन आणि वेदना

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. बीजकोशाच्या 'पीसीओएस' या विकारात वजन कमी केल्याने पाळी नियमित होण्यास मदत होते. त्यावरून एंडोमेट्रिओसिसमध्येही तसेच घडेल असा तर्क केला जातो. तो बरोबर नाही. एंडोमेट्रिओसिस हा लठ्ठपणातून होणारा विकार नव्हे. उलट तो सडपातळ स्त्रियांत अधिक आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. वजन उतरविणाऱ्या सुईस या विकारावरील औषध म्हणून मान्यता नाही. ती व्रण नाहीसे करीत नाही, चिकटलेले अवयव सोडवीत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की, हा विकार असलेल्या स्त्रीने ती कधीच घेऊ नये. एखादीस हा विकार आहे आणि लठ्ठपणा व मधुमेहही आहे. अथवा संप्रेरकांच्या उपचाराने तिचे वजन वाढले आहे. कुटुंबनियोजनासाठी शासकीय केंद्रांत दर तीन महिन्यांनी देण्यात येणाऱ्या 'अंतरा' इंजेक्शनातील घटक या विकाराच्या वेदनेवरही वापरला जातो आणि त्याने काहींचे वजन वाढते. अशा स्त्रीस वजनासाठी सुई देण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. मात्र ती वजनावरील औषध आहे. वेदनेवरील उपचार स्वतंत्रपणे चालूच राहिले पाहिजेत.

घ्यावयाची दक्षता

पहिली गोष्ट गोळ्यांची. या विकारावर बहुधा संप्रेरकांच्या गोळ्या रोज दिल्या जातात. सुईमुळे उलट्या झाल्यास गोळी अंगी लागत नाही. टिर्झेपाटाइडमुळे तर तोंडावाटे घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून ती सुरू केल्यावर चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढविल्यावर चार आठवडे, निरोधसारखे दुसरे साधन वापरावे असा सल्ला दिला जातो.

दुसरी गोष्ट अपत्याची. या विकारात मूल होण्यास अडचण येते म्हणून पुष्कळ जोडपी उपचार घेत असतात. गर्भारपणात ही सुई चालत नाही. मूल हवे असल्यास सेमॅग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावे लागते; टिर्झेपाटाइडसाठी साधारणतः एक महिन्याचे अंतर सांगितले जाते. अंगावर पाजणाऱ्या मातेनेही ती टाळावी.

तिसरी गोष्ट शस्त्रक्रियेची. जठर सावकाश रिकामे होत असल्याने नेहमीप्रमाणे उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते. भूल दिल्यावर ते श्वासनलिकेत गेल्यास जिवाला धोका संभवतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वी आपण अशी सुई घेत असल्याचे भूलतज्ज्ञांस न चुकता सांगावे.

चौथी गोष्ट लक्षणांची. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ आणि पोट फुगणे हे या सुईचे नेहमीचे उपद्रव होत. त्यांपैकी काही एंडोमेट्रिओसिसचीही लक्षणे आहेत. कोणता त्रास कशाचा हे कळावे म्हणून पाळीच्या तारखा, दुखण्याचे दिवस आणि सुईचे दिवस एका वहीत लिहून ठेवावेत. पाठीकडे जाणारी पोटातील तीव्र, न थांबणारी वेदना मात्र पाळीची म्हणून अंगावर काढू नये. ती स्वादुपिंडाच्या दाहाची खूण असू शकते. अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठावे.

पाचवी गोष्ट खर्चाची आणि खरेपणाची. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा सर्वांत लहान मात्रेच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. म्हणजे महिन्याच्या चार कुप्यांना १४,००० रुपये. सेमॅग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचेही आढळले आहे. तेव्हा कर्ज काढून दोन महिने सुई घेण्यात हित नाही. वापरापूर्वी हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. निमाडच्या वैशाखातील उन्हात थैलीत घालून आणलेल्या औषधाचा भरवसा धरता येत नाही. बनावट सेमॅग्लुटाइडविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला आहे. यास्तव ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, परवानाधारक दुकानातून आणि पावती घेऊनच विकत घ्यावे.

सर्वांचे कर्तव्य

दर महिन्यास ठरावीक दिवशी मुलगी शाळेत येत नसेल तर शिक्षिकेने तिची आपुलकीने चौकशी करावी. आशा कार्यकर्तीने वेदनेने अंथरूण धरणाऱ्या स्त्रीस प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि तेथून तज्ज्ञांकडे पाठविण्याची चिठ्ठी मिळवून द्यावी. घरच्या पुरुषांनी तिच्या दुखण्यास नखरा म्हणू नये. निदानास अनेक वर्षे लागतात ती पुष्कळदा तिचे कोणी ऐकून घेत नाही म्हणून. वजनकाट्यावरील आकडा उतरला तरी पाळीच्या दिवशी ती उठून कामास लागू शकते का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर तिलाच विचारावे आणि ती सांगेल ते खरे मानून उपचाराची दिशा ठरवावी.