अंजिराचे छाट-कलम

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ खाताना बारीक बिया दाताखाली कुरकुरतात. परंतु त्या पेरल्या तर रोप उगवत नाही. अंजिराची फुले फळाच्या पोटातच दडलेली असतात. काही जातींत एक सूक्ष्म कीटक आत शिरून परागण घडवितो. पुरंदरची जात परागणावाचूनच फळ धरते. त्यामुळे तिच्या बिया पोकळ राहतात, त्यांत गर्भच नसतो. सारांश, कलमे करणे थांबले तर ही जात जिवंत झाडांबरोबरच संपावयाची!

सुदैवाने अंजिराची फांदी सहज मुळे धरते. एक वर्ष वयाची, पेन्सिलीहून किंचित जाड व पक्व फांदी निवडावी. कोवळा हिरवा शेंडा कुजतो. चार ते सहा डोळ्यांचा, सुमारे वीतभर तुकडा घेऊन खालचा काप डोळ्याच्या लगत खाली द्यावा. कापातून पांढरा चीक येतो. तो अंगास लागल्यास, विशेषतः उन्हात, त्वचेचा दाह होतो. चीक सुकल्यावर फाटा वाळू व कुजलेले पानखत मिसळलेल्या कुंडीत, एकदोन डोळे वर ठेवून, लावावा. वरची बाजू वरच राहिली पाहिजे. मुळांस चालना देणारे द्रव्य फांदीत वरून खाली वाहते. जबलपूरच्या रांझीसारख्या भागात हिवाळ्यातील रात्री गार असल्याने थंडी ओसरल्यावर हे काम हाती घेणे बरे. गार मातीत मुळे फार सावकाश फुटतात.

यापुढेच बहुतेकांची फसगत होते. काही दिवसांत डोळे फुटून पाने दिसतात व कलम लागले असे वाटते. वस्तुतः ही पाने फांदीत साठलेल्या पिष्टावर पोसलेली असतात. खाली मूळ नसण्याचा संभव असतो. पाने पाणी उडवितात, पण ते भरून काढणारे कोणी नसते, म्हणून ती माना टाकतात. ते पाहून माळी आणखी पाणी घालतो, मातीतील हवा निघून जाते आणि काप सडतो. यास्तव कुंडी सावलीत ठेवावी, माती केवळ ओलसर राखावी आणि फाटा उपटून पाहण्याचा मोह टाळावा. मुळे धरण्यास साधारणतः एक ते दोन महिने लागतात. कुंडीच्या तळच्या छिद्रातून पांढरी मुळे डोकावू लागली, की रोप हळूहळू उन्हास सरावावे व पावसाळ्याच्या आरंभी, पाणी न साचणाऱ्या जागी, जमिनीत लावावे.